‘आय बेग टू स्टेट’ला माझी हरकत

इंग्रजीत ‘बेग’ नावाचं एक क्रियापद आहे. तीन अक्षरांचं, दिसायला अगदी गरीब. शाळेत त्याचा अर्थ ‘भीक मागणे’ असा पाठ केला होता आणि त्याच्याशी आपला पुढे काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं. या क्रियापदापायी आमच्या डेपोतल्या यच्चयावत लोकांच्या रजा अडकल्या आणि माझी बायको ट्रंक भरून वाईला निघाली, असं मी सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघतात. ती मान हलवते. म्हणजे घडलं ते खरं आहे.

आम्ही तेव्हा आवडीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मद्रासबाहेरची आवडी. काँग्रेसचं ते मोठं अधिवेशन जिथे झालं आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव जिथे पास झाला, तीच. अधिवेशनाला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती. समाजरचनेचं काम कुठवर आलं होतं मला माहीत नाही, पण आमच्या स्वयंपाकघरातला नळ ऐन संक्रांतीच्या दिवशी बंद पडला. एकदम नाही पडला. आधी खोकला, मग थोडा गढूळ झाला, मग त्यानं एक लांब उसासा टाकला आणि तो गेला. बाहेर पोंगलचा सण, दारोदार दूध उतू घालवत होते, आणि आमची ही, अलकनंदा, हातात तिळाच्या लाडवाचं ताट घेऊन त्या नळाकडे बघत उभी.

“अहो, बाजारातून माणूस आणा आणि दुरुस्त करून घ्या,” अलका म्हणाली.

हे शक्य नव्हतं. नळ सरकारी. सरकारी नळाला खासगी पान्हा लावणं क्वार्टरच्या नियमांत बसत नाही, आणि मी नियम मोडणारा माणूस नाही. मी इथल्या सरकारी डेपोत अपर डिव्हिजन क्लार्क आहे. मी तिला म्हटलं, रीतसर अर्ज करू. तोपर्यंत शेजारी गुंडोरावांच्या परसात नळ होताच. अलका हंडा-कळशी घेऊन तिकडून पाणी आणू लागली. मधे एक कुंपण, एक शेवग्याचं झाड, आणि खाली रेताड जमीन, त्यात पाय रुततो. तिनं पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलं की अग्निनक्षत्र लागेपर्यंत मी वाहीन, पुढे नाही. अग्निनक्षत्र म्हणजे मेमधले ते दिवस, जेव्हा मद्रासचे लोकसुद्धा म्हणतात की आज जरा ऊन आहे. “तोवर नळ नाही आला तर मी वाईला जाते. घराला लागून घाट आहे, घाटाला लागून कृष्णा आहे. तिला अर्ज लागत नाही.”

तेव्हा अग्निनक्षत्राला भरपूर अवकाश होता, त्यामुळे मी हसलो.

अर्ज लिहायला बसलो तो एका रविवारी सकाळी. सरकारी अर्जाची सुरुवात आपल्याकडे ठरलेली असते. वर साहेबांचा हुद्दा, मग ‘सर’, मग ‘आय बेग टू स्टेट दॅट’. हे आपण कॉपी केल्यासारखं लिहून टाकतो, त्यात डोकं नसतं. मीही त्याआधी शेकडो वेळा लिहिलं असेल. पण त्या दिवशी ‘आय’ लिहिल्यावर पेनमधली शाई संपली, दौत आणायला उठलो, आणि परत येऊन बसलो तोवर विचार करायला नको तितका वेळ मिळाला होता. मी भीक का मागतोय? देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं झालेली. नळ सरकारचा, सरकार जनतेचं, आणि जनता म्हणजे बाकी कोणी नसलं तरी मी. म्हणजे माझ्याच नळासाठी मी माझ्याचकडे भीक मागायची! त्यातून आमच्या घराण्यात मागण्याची रीतच नव्हती. माझ्या आजोबांना शेजारून चार पानं कढीलिंब हवा असला तरी ते मागायला जात नसत. ‘सहज’ जात. शेजारी समजून घेत.

मी ‘बेग’ गाळलं. स्वच्छ अक्षरात लिहिलं की माझ्या स्वयंपाकघरातील नळास पाणी येत नाही असे मी कळवतो. खाली सही केली. सहीला त्या दिवशी एक निराळाच झोक आला होता.

आमच्या डेपोत कुठलाही अर्ज, मग तो नळाचा असो की रजेचा, हेडक्लार्क राजगोपाल यांच्या टेबलावरून पुढे जाई. राजगोपाल म्हणजे कपाळावर ठसठशीत नाम, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि जोडे काढून ठेवून अनवाणी खुर्चीत बसणारा माणूस. फाइलला पाय लावत नसत, चुकून लागला तर नमस्कार करत. मद्रासमध्ये माझ्या वसंतरावमधला राव वेगळा काढून त्याचं आडनाव केलं होतं, त्यामुळे ते मला मिस्टर राव म्हणत. बोलणं सगळं इंग्रजीत.

“मिस्टर राव, हे काय आहे?”

“अर्ज आहे, सर.”

“हा अर्ज नाही. ही बातमी आहे.” त्यांनी कागद दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. “आवडीत एका नळाला पाणी नाही. ठीक. मी वाचली. मला वाईट वाटलं. आता मी काय करू?”

“दुरुस्त करावा, सर.”

“असं कुठे म्हटलंय? आणि म्हणणार कुठल्या क्रियापदानं?”

मी म्हटलं, ‘रिक्वेस्ट’ करतो. राजगोपाल यांनी डोळे मिटले. ‘रिक्वेस्ट’ बरोबरीचा माणूस बरोबरीच्या माणसाला करतो. “सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांना रिक्वेस्ट केलेली नाही. तुम्ही कसे करणार?” मग मी ‘प्रे’ सुचवलं. ते म्हणाले, ते कोर्टात आणि देवळात चालतं, हे दोन्ही नव्हे. ‘होप’ म्हटलं तर म्हणाले, आशेला आवक क्रमांक देता येत नाही. शेवटी त्यांनी अगदी मायेनं सांगितलं, “बेग लिहा, मिस्टर राव. सगळे लिहितात. मीसुद्धा माझ्या लग्नाच्या रजेसाठी बेग केलं होतं.”

मी म्हटलं की माझी या क्रियापदाला तत्त्वतः हरकत आहे. तसं म्हणायला नको होतं. पण ‘तत्त्वतः’ हा शब्द एकदा तोंडातून निघाला की माणसाला मागे फिरता येत नाही.

संध्याकाळी ही हकीकत मी गुंडोरावांच्या ओट्यावर सांगितली. गुंडोराव आमच्याच डेपोत अकाउंट्सला होते. तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांमागे तिकडे गेले ते आपली तेव्हाची मराठी बरोबर घेऊन गेले आणि त्यांनी ती जपून वापरली. त्यामुळे गुंडोराव वांग्यांचा भाव विचारू लागले तरी एखादा किल्ला पडल्याची खबर आली आहे असं वाटे. माझी मराठी त्यांना पोरकट वाटायची. मला त्यांची दुरुस्त करावीशी वाटायची, पण ते वयानं वडील होते आणि नळ त्यांचा होता.

“वसंतराव, हें काय आरंभिलेंत?” गुंडोराव म्हणाले. “तुम्ही सासऱ्यास पत्र लिहितां, त्यांत आरंभीं काय लिहितां?”

“शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.”

“शरि, बरें. इंग्रज तर उभा राहूनच मागतो. तुम्ही भुईवर आडवे पडतां, आठही अंगें टेकितां, आणि मग पुसतां काय, तर हवा-पाणी कसें आहे. तेथें मान गेला नाहीं?”

“ते निराळं. ते वडील.”

“आणि मुंज? मुंजींत प्रथम काय शिकविलें तुम्हांस? ‘भवति भिक्षां देहि’. मातुश्रीपुढें झोळी केलीत ना? आमचे मामा सांगत, भिक्षा म्हणजे भीक नव्हे. असकीं लोकें जेवितात त्यांत माझाही वांटा असूं दे, अशी इच्छा. तेव्हढेंच.” असकीं म्हणजे सगळी.

मी म्हटलं ते संस्कृतात झालं. इंग्रजीत ‘बेग’ची कुळी पाहायला हवी.

म्हणून पुढच्या शनिवारी मी अर्धी रजा टाकून, म्हणजे ‘बेग’ न लिहिता तोंडीच सांगून, आगगाडीनं मद्रासला गेलो आणि एग्मोरच्या मोठ्या ग्रंथालयात बसलो. तिथला इंग्रजी शब्दकोश अनेक खंडांचा होता. ‘बी’चा खंड एकट्यानं उचलवेना, तेव्हा तिथल्या एका सज्जन वाचकानं दुसरी बाजू धरली. त्यात पाहतो तो काय, या क्रियापदाचा जन्म कुठे झाला हे खात्रीनं कुणालाच माहीत नव्हतं! एक तर्क असा की युरोपात भिक्षेवर राहणारे एका पंथाचे लोक होते, त्यांच्या नावावरून हा शब्द आला. त्या पंथाचं नाव आलं एका धर्मोपदेशकावरून, आणि त्याला ते पडलं तो बोलताना अडखळायचा म्हणून. दुसरा तर्क असा की हे सगळं खोटं आहे. मी दोन्ही तर्क उतरवून घेतले. मला हर्ष झाला. ज्याच्या बापाचा पत्ता नाही असं क्रियापद सरकारी कागदावर सगळ्यांत पुढे बसतं आणि त्याची चौकशी आजवर कोणी केली नव्हती.

परत येऊन मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात नळाला चार ओळी आणि क्रियापदाला साडेतीन पानं दिली: अर्थ, उपयोग, व्युत्पत्ती, आणि स्वतंत्र नागरिकास ते कसं अशोभनीय आहे याचं विवेचन. अलकाला वाचून दाखवला. ती तेव्हा हंडा डोक्यावरून उतरवत होती. म्हणाली, “छान आहे. नळ कुठे आला यात?” मी म्हटलं, शेवटी. ती म्हणाली, “तिथवर कोणी पोचेल?”

राजगोपाल पोचले. त्यांनी तो अर्ज दोनदा वाचला. मला बोलावलं, समोर बसायला खुर्ची दिली. आमच्या डेपोत हेडक्लार्कच्या समोर बसलेला क्लार्क मी पहिला. त्यांच्या डोळ्यांत मला प्रथमच एक चमक दिसली. “मिस्टर राव,” ते हळू आवाजात म्हणाले, “आजवर माझ्याकडे आलेल्या फायली म्हणजे पंखा, गादी, सायकल. विषय असलेली ही पहिली फाइल.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं नवी फाइल उघडली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘अर्जांमध्ये बेग या क्रियापदाचा वापर: हरकत’. नळाचा उल्लेख त्यात कुठे नव्हता, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं, पण मला खुर्ची दिली होती.

त्यानंतर राजगोपाल पार निराळेच झाले. जुन्या गोऱ्या साहेबांच्या काळचे आदेश शोधायला ते माळ्यावर चढले. डोक्याला जळमटं घेऊन उतरले आणि कुणाला तरी दाखवावं म्हणून मला दाखवून गेले. टिपणावर टिपण चढलं. फाइलला एक नाडी पुरेना, तेव्हा दुसरी बांधली. शेवटी तत्त्वाचा प्रश्न डेपोच्या पातळीवर सुटण्यासारखा नाही असं ठरून ती मद्रासच्या वरच्या कचेरीत गेली. राजगोपाल स्वतः मांडीवर घेऊन गाडीनं पोचवून आले. आणि जाताना त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या दृष्टीनं अगदी न्यायाची होती. प्रश्न विचाराधीन आहे, सबब निर्णय होईपर्यंत ‘बेग’ लिहिलेले सर्व अर्ज त्यांनी थांबवून ठेवले. ‘बेग’ न लिहिलेले तर थांबलेलेच होते. म्हणजे सगळेच थांबले.

पहिले काही दिवस मी हिरो होतो. तरुण क्लार्क मंडळी कँटीनमध्ये मला कॉफी पाजत. एकानं तर पितळी पेल्यातून वाटीत कॉफी उंचावरून ओतता ओतता जाहीर केलं की मी गांधीजींचं उरलेलं काम पुरं करतोय. मग एकाची तिरुपतीची रजा अडकली. एकाच्या बहिणीचं लग्न आलं. एकाच्या घरावरचं कौल उडालेलं, त्याचा अर्ज. कॉफी बंद झाली. रस्त्यात लोक मला गाठून सल्ले देऊ लागले. आमच्या क्वार्टरच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी सांगितलं की ‘बेग’ लिहावं पण मनात दुसरा शब्द म्हणावा, देवाला कळतं. दुसरे म्हणाले, पेन्सिलीनं लिहा, म्हणजे ते कायमचं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी पाठ थोपटून विचारलं, “लहानपणी पडला वगैरे होतात काय?”

आणि गुंडोरावांच्या नातवाची मुंज तंजावरला ठरली होती, चैत्र संपता संपता. त्यांची रजा अडकली. गुंडोराव मला एक शब्द बोलले नाहीत. ओट्यावर बसायचे, मला बघितलं की “या” म्हणायचे आणि गप्प राहायचे. तीनशे वर्षांच्या मराठीत गप्प राहणं फार जड जातं ऐकणाऱ्याला.

अशात अलकाचं मनगट मुरगळलं. रेतीत पाय सरकला, हंडा वाचवायला गेली आणि हातावर पडली. हात सुजला. मी तिला म्हटलं, आज मी आणतो पाणी. कळशी घेऊन कुंपणापलीकडे गेलो. गुंडोरावांच्या पत्नी त्रिपुरसुंदरीबाई, सगळी ओळ त्यांना मामी म्हणे, परसात जुन्या धोतरावर तांदळाचे वडाम, म्हणजे आपल्या कुरडया-पापड्यांसारखं वाळवण, घालत बसल्या होत्या.

“जेवण जाहलें काय?” मामी म्हणाल्या.

“झालं.”

मी उभा राहिलो. “ऊन फार आहे,” मी म्हटलं.

“असतेंच.”

“तुमच्या नळाला पाणी मात्र छान येतं.”

“येतें.”

“आमच्या नळाला येत नाही.”

“ठाऊक आहे. असक्या आवडीस ठाऊक आहे.” आणि त्या पुढचा वडाम घालू लागल्या.

आता पुढे काय बोलायचं? मी मनातल्या मनात एक-एक वाक्य जुळवून पाहिलं. जे जुळवावं ते शेवटी मागण्यावरच येऊन टेके. ही तर माझी मातृभाषा, आणि तिच्यात सहज वापरावं असं एक क्रियापद मला त्या भर उन्हात सापडेना. तेवढ्यात वडामांवर कावळे आले. मी ते हाकलले. काही तरी करतो आहोत असं वाटून बरं वाटलं, म्हणून पुन्हा आले तसे पुन्हा हाकलले. बराच वेळ मी तिथे कळशी घेऊन कावळे हाकलत उभा होतो. अखेर मामींनीच हात धुतले.

“अय्यो, रिकामी कळशी घेऊन किती उभे राहाल? सांगावें, ‘मामी, एक कळशी पाणी द्या.’ अलका नित्य सांगते. सकाळीं सांगते, सायंकाळीं सांगते. तिचें काय झिजलें?”

त्यांनी कळशी माझ्या हातातून घेतली आणि नळाखाली धरली. मला फार लाज वाटली. इतक्या महिन्यांत अलका कुंपणापलीकडे जाऊन काय म्हणत असेल याचा मी एकदाही विचार केला नव्हता. साडेतीन पानं लिहिली, आणि हे सुचलं नव्हतं. कळशी घेऊन घरी आलो तोवर निम्मं पाणी माझ्या पायजम्यावर होतं.

“काय म्हणालात मामींना?” अलकानं विचारलं.

“काही नाही. कावळे हाकलले,” मी म्हटलं.

एप्रिल संपत आला आणि वरून निकाल आला. मी जिंकलो होतो! निकाल असा की ‘बेग’ हे क्रियापद स्वतंत्र देशाच्या नागरिकाच्या प्रतिष्ठेस बाधक असल्यानं या डेपोतल्या अर्जांत ते यापुढे वापरू नये, त्याऐवजी ‘सबमिट’ वापरावं. राजगोपाल यांनी तो कागद सबंध सेक्शनला उभं राहून वाचून दाखवला.  सगळ्यांचे जुने अर्ज परत दिले गेले आणि सगळे पाठमोरे होऊन नवे अर्ज खरडू लागले. मी घरी जाऊन कोश उघडला. ‘सबमिट’चा अर्थ शरण जाणे. म्हणजे भीक गेली आणि शरणागती आली. राजगोपाल यांना दुसऱ्या दिवशी हे दाखवलं तर ते प्रसन्न हसले. ते पडले वैष्णव. “शरणागतीत कमीपणा नाही, मिस्टर राव. तोच तर मार्ग आहे.”

गुंडोरावांची रजा मंजूर झाली. परंतु माझ्या नळाचं काय? नळाचा अर्ज क्रियापदाच्या फायलीला जोडलेला होता, आणि ती फाइल निकाल लागून कायमची बंद झाली होती. नव्यानं अर्ज करावा, असं मला कळवण्यात आलं.

हे सांगायला मी घरी आलो तर दारात ट्रंक. अलका आपली लुगडी घडी करून तिच्यात ठेवत होती, डाव्या हातानं. उजव्याला अजून पट्टी होती.

“मामी उद्या तंजावरला जातात. परसाला कुलूप लावणार,” ती म्हणाली. “पुढे अग्निनक्षत्र. कोपऱ्यावरचे कुलकर्णी परवाच्या गाडीनं पुण्याला निघालेत, त्यांच्या सोबतीनं जाते मी.” रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती दमून म्हणाली. “तुम्ही जिंकलात म्हणे. सगळी ओळ सांगत होती.”

मी म्हटलं, “अलका, जाऊ नकोस.”

“मग प्यायचं काय? निकाल?”

मला तिच्याशिवाय त्या घरात राहता आलं नसतं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, ‘सहज’ समजून घेईल असं धरून चाललो होतो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी उठून मी एक कोरा कागद घेतला आणि वर ‘सर’ लिहून खाली स्वच्छ, ठळक, कुणालाही दुरून वाचता येईल असं लिहिलं: ‘आय बेग’. कशाचाही विचार केला नाही. शाईसुद्धा भरपूर होती.

राजगोपाल यांनी कागद घेतला. पहिल्या ओळीवर त्यांची नजर थांबली. चष्मा काढून, पुसून त्यांनी पुन्हा बघितलं. मग त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

“हा घेता येणार नाही.”

“का?”

“हे क्रियापद या डेपोत बंद आहे. तुमच्याच हरकतीवरून.” त्यांना खरोखर दुःख झालेलं दिसत होतं. “मिस्टर राव, तुम्ही? सगळ्यांतून तुम्ही?”

मी नवा कागद मागायला हवा होता. ‘सबमिट’ लिहायला हवं होतं. मग आवक क्रमांक, मग टिपण, मग ओव्हरसियर, आणि तोवर ती गाडी सोलापूर ओलांडून गेली असती. सबंध सेक्शन माना वर करून बघत होता. मी जोडे काढले, का ते माहीत नाही, आणि राजगोपाल यांच्या टेबलापुढे दोन्ही हात जोडले.

“सर, पाया पडतो. नळ दुरुस्त करा. माझी बायको उद्या निघून चालली. भीक मागतो म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण आज माणूस पाठवा.”

हे मी मराठीत म्हणालो होतो. माझ्या ते लक्षातच आलं नाही. पण त्यांना समजलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडं राहिलं.

“तुमच्या घरी अजून पाणी नाही?” त्यांनी विचारलं.

“संक्रांतीपासून नाही, सर!”

“अय्यय्यो, मिस्टर राव!” ते खुर्चीतून उठले. “मला वाटलं, नळ उदाहरणादाखल आहे!”

त्यांनी तिथूनच खिडकीबाहेर हाक मारली. खाली झाडाखाली फिटर बसला होता. तो रोजच तिथे बसत असे. मी ऑफिसात जाता-येता त्याला बघत होतो, तोही मला बघत होता. मी घाबरत घाबरत राजगोपाल यांना म्हटलं, पण हे नियमात? त्यांनी क्षणभर विचार केला. मग गंभीरपणे म्हणाले, “निकाल लेखी अर्जांपुरता आहे. तोंडी बेग करायला मनाई नाही.”

फिटरनं नळाचं डोकं उघडलं, आतली चामड्याची चकती बदलली, आणि चहासुद्धा न घेता गेला. नळ खोकला, फुरफुरला, लालसर झाला आणि वाहायला लागला. अलका दारात उभी राहून बघत होती.  मग तिनं पट्टीचा हात वाचवत डाव्या हातानं पेला त्याच्याखाली धरला, भरला, आणि मला दिला.

“कसं जमवलंत?” तिनं विचारलं.

“लेखी काहीही मागितलं नाही,” मी म्हटलं.

“आणि तोंडी?”

मी पेला तोंडाला लावला. ती मात्र माझा पेला रिकामा होईपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि मग आत जाऊन ट्रंकेतली लुगडी एक-एक करून बाहेर काढू लागली.